जुना संगणक ‘दुरुस्त’ करून देणाऱ्या फोनपासून सावध राहा

विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नियमित सुरक्षा अद्यतने, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. माझ्या मामांचा लॅपटॉप सातव्या पिढीच्या प्रोसेसरचा असल्यामुळे तो विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, आणि आता याचे काय करायचे ही त्यांची काळजी खरी होती. त्याच काळजीवर डाव साधला गेला, म्हणून घडलेला प्रकार सविस्तर लिहीत आहे.

एका संकेतस्थळावर अचानक पूर्ण पडदाभर सूचना आली, कर्कश आवाज सुरू झाला आणि ‘मायक्रोसॉफ्ट सपोर्ट’ म्हणून एक फोन नंबर दिसू लागला. मामांनी फोन केला. पलीकडच्या माणसाने अत्यंत आदराने बोलत त्यांच्याकडून एनीडेस्क हे दुरून संगणक चालवू देणारे सॉफ्टवेअर उतरवून घेतले आणि पडद्याचा ताबा मिळताच इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवली. हे सगळे व्हायरस आहेत, असे त्याने सांगितले. वास्तविक अशा नोंदी अगदी ठणठणीत संगणकातही असतात. त्यांतली १००१६ क्रमांकाची, डीकॉम या विंडोजच्या अंतर्गत यंत्रणेची नोंद दुर्लक्षिण्यास हरकत नाही, असे खुद्द मायक्रोसॉफ्टचेच म्हणणे आहे. त्यानंतर त्याने कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘ट्री’ ही आज्ञा दिली. ती केवळ फोल्डरांची यादी दाखवते. परंतु यादी सरकत असताना त्याने ‘सुरक्षा संपली’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ टाइप करून ठेवली आणि यादी थांबताच ती शेवटी उमटली. संगणकच तसे सांगत आहे, असे कोणालाही वाटावे. माणसाच्या विश्वासाशी केलेला हा खेळ मला पैशांच्या चोरीहून अधिक संतापजनक वाटतो.

‘आजीवन संरक्षणा’साठी ८,५०० रुपये मागण्यात आले आणि ताबा तसाच ठेवून नेटबँकिंग उघडायला लावले. तेवढी रक्कम गेल्यावर ‘परतावा देतो’ म्हणून पुन्हा लॉगिन करायला सांगितले, तेव्हा मामींनी वायफायच बंद केले. पुढचे नुकसान त्यामुळेच टळले. मग बँकेला कळवून, १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवून, सर्व पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलले.

मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या त्रुटी-संदेशात फोन नंबर कधीही नसतो. पडदा अडकला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा, आणि पुन्हा उघडताना जुनी पाने परत आणू नयेत. विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अद्यतनांची नोंदणी सेटिंग्जमधील विंडोज अपडेटमध्येच होते. कंपनीने ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली आणि सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवणाऱ्यांना त्यासाठी पैसे पडत नाहीत. राहिला संथपणा: तो व्हायरसमुळे नव्हता, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे होता. ओळखीच्या दुकानात समोर बसून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवून घेतल्यापासून लॅपटॉप चांगला चालतो आहे.