रोमन सुखात्मिकांचा जुना खंड: मालवणातून एक अभिप्राय

प्लॉटस आणि टेरेन्स या रोमन नाटककारांच्या चार सुखात्मिकांचा हा इंग्रजी अनुवाद मी टपालाने मागवला आणि होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या पावसाळी दिवसांत मालवणात बसून वाचला. विक्रेत्याने ‘उत्तम स्थिती’ असे कळवले होते. प्रत्यक्षात शेवटची वीसेक पाने ओल लागून चिकटलेली होती आणि तक्रारीला उत्तर आले नाही. तरीही साडेचारशे रुपये वाया गेले असे म्हणवत नाही.

याचे मुख्य कारण म्हणजे प्लॉटसचे ‘रुडेन्स’, अर्थात ‘दोर’. उत्तर आफ्रिकेतील सायरीनीच्या किनाऱ्यावर वादळानंतर ग्रिपस या मासे पकडणाऱ्या गुलामाच्या जाळ्यात एक पेटी येते, आणि ट्राकालिओ हा दुसरा गुलाम जाळ्यामागे लोंबणारा दोर पकडून अर्धा वाटा मागतो. समुद्र सर्वांचा असला तरी जाळ्यात आले ते माझे, असे ग्रिपस म्हणतो. पेटी हा मासा कधीपासून झाला, असे विचारल्यावर तो ‘पेटीमासा’ असतो, पण क्वचितच सापडतो, असे ठासून सांगतो आणि त्याचे रंगही वर्णन करतो. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायच्या जाळ्यावर, उभा जन्म काढलेल्या शेजारच्या काकांना मी हा प्रवेश मराठीत सांगितला, तेव्हा त्यांनी क्षणाचाही विचार न करता निकाल दिला: “दोराक हात लागलो म्हंजे वाटो इलोच!”

पुढे मालक डेमोनीस ग्रिपसला प्रामाणिकपणाचे धडे देतो, तेव्हा ग्रिपस जे सुनावतो ते मला या खंडाचे मर्म वाटते: नाटकात नट शहाणपणाची वाक्ये बोलतात, लोक टाळ्या वाजवतात, आणि घरी गेल्यावर त्याप्रमाणे कोणीही वागत नाही. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, रंगमंचावरूनच केलेली ही थट्टा!

टेरेन्सकडे आरडाओरडा कमी आणि डंख अधिक आहे. ‘मी माणूस आहे, माणसाचे काहीही मला परके नाही’ हे वाक्य आज भाषणांत गंभीरपणे उद्धृत होते, परंतु इ.स.पू. 163 मधील ‘हेऑटोन टिमोरुमेनोस’मध्ये ते क्रेमीस या नसत्या चौकशा करणाऱ्या शेजाऱ्याच्या तोंडी आहे, आणि तेही ‘दुसऱ्याच्या भानगडींत लक्ष घालायला तुला एवढी सवड कशी?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून. स्वतःच्या घरात मुलाचे काय चालले आहे याचा मात्र या गृहस्थांना पत्ता नसतो. ‘फोर्मिओ’त ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ याच अर्थाचे वचन येते, ते सल्लागारांच्या एका त्रिकुटात. त्यांचे ऐकून बिचारा डेमिफो आधीपेक्षा अधिक गोंधळतो. प्लॉटसच्या ‘आउलुलारिया’तील सोन्याच्या हंड्यापायी झोप उडालेला युक्लिओ मजेदार आहे, पण या नाटकाचा शेवट हरवलेला असल्यामुळे वाचन अर्ध्यावर तुटते.

अनुवाद सुबोध आणि टिपा नेमक्या असल्या, तरी संपादकाने शेवटी ‘निवडक सुवचने’ असे परिशिष्ट जोडले आहे, ज्यात ही सर्व वाक्ये बोलणाऱ्याचे नाव गाळून ओळीने छापली आहेत. पंख्याखाली दोन दिवस ठेवून मी जी वीस पाने जपून सोडवली, ती नेमकी हीच होती. ती चिकटलेलीच राहिली असती तरी चालले असते.