टर्बो सी++ : डॉसबॉक्स की आभासी यंत्रावर फ्रीडॉस?

टर्बो सी++ ३.० हा डॉस या जुन्या १६-बिट ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेला कंपायलर (सी++ भाषेतला मजकूर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये बदलणारे साधन) असून ६४-बिट विंडोजमध्ये १६-बिट प्रोग्राम चालवण्याची सोयच नसल्यामुळे तो थेट सुरू होत नाही. मग एक तर डॉसबॉक्स (विंडोजमध्येच डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम) घ्यावा, नाही तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातच दुसरा आभासी संगणक तयार करणाऱ्या प्रोग्राममध्ये) फ्रीडॉस ही डॉससारखी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बसवावी.

डॉसबॉक्समध्ये नेहमीचे फोल्डर ‘माउंट’ आज्ञेने ड्राइव्ह म्हणून जोडता येते, त्यामुळे लिहिलेली फाइल विंडोजमध्येही लगेच दिसते. मात्र टर्बो सी++मध्ये प्रोग्राम चालवण्यासाठी बोटांना सवयीची झालेली कंट्रोल-एफ९ ही जोडी डॉसबॉक्समध्ये संपूर्ण खिडकीच बंद करते आणि सेव्ह न केलेले काम क्षणात नाहीसे होते. तेव्हा आधी एफ२ दाबून काम सेव्ह करावे, किंवा कंट्रोल-एफ१ने की-मॅपर (कोणत्या कळांनी काय व्हावे हे ठरवणारा पडदा) उघडून ती जोडी बदलून घ्यावी.

फ्रीडॉसमध्ये ही अडचण येत नाही आणि आभासी यंत्राची त्या क्षणाची स्थिती स्नॅपशॉट म्हणून जपता येते. परंतु व्हर्च्युअलबॉक्सची ‘गेस्ट अ‍ॅडिशन्स’ (आभासी यंत्र आणि विंडोज यांच्यात फाइलींची देवाणघेवाण सोपी करणारी पूरक साधने) डॉससाठी नसल्याने साधी फाइल बाहेर काढायलाही डिस्क-प्रतिमेचा (आख्खी डिस्क एका फाइलमध्ये साठवण्याचा) द्राविडी प्राणायाम करावा लागतो. महाविद्यालयातील ग्राफिक्सच्या प्रात्यक्षिकांपुरते काम असेल, तर माझ्या मते डॉसबॉक्सच सोयीचा.