थरथरणारं आयडलिंग आणि स्वस्तातला ओबीडी स्कॅनर : वर्षभराच्या वापरानंतर

माझी गाडी २०१४ची पेट्रोल सेडान, वर बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तिचं आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचं संथ चालणं, बिघडलं. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की आरपीएमचा काटा साडेसहाशे ते नऊशेच्या मध्ये झुलायचा, स्टिअरिंग थरथरायचं, एसी लावला की आता बंद पडते की काय असं वाटायचं. बॉनेटखालून बारीक फुसफुस आणि सोबत टिकटिक. चेक इंजिनचा दिवा मात्र लागत नव्हता. एका गॅरेजात प्लग बदलून झाले, दुसऱ्याने थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करून दिली, तिसऱ्याने आवाज ऐकून टायमिंग चेन गेल्याचं सांगितलं आणि इंजिन खोलायचा खर्च काढला. एवढा खर्च करायचा तर आधी कारण तरी कळू दे, म्हणून सहा-सातशे रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर मागवला. ओबीडी म्हणजे गाडीची स्वतःचे दोष टिपणारी यंत्रणा, स्कॅनर तिची नोंद वाचतो.

वस्तू काडेपेटीएवढी. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात खोचायची आणि मोबाईलवर अॅप उघडायचं. मी ‘कार स्कॅनर’ वापरतो, फुकटातल्या आवृत्तीत माझं भागतं. आपल्याकडे एप्रिल २०१३ नंतरच्या पेट्रोल गाड्यांत ओबीडी-२ असतं, त्यामुळे त्या पुढच्या बहुतेक गाड्यांना हा चालतो.

पहिल्यांदा लावला तेव्हा दोषाचा एकही कोड नाही. बरेच जण इथेच स्कॅनर काढून ठेवतात आणि ‘काही दाखवत नाही’ म्हणतात. कोड नसला तरी लाइव्ह डेटा असतो, आणि माझ्या मते या वस्तूचे पैसे तिथेच वसूल होतात. त्यात फ्युएल ट्रिम नावाचे दोन आकडे असतात, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म. ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून इंजिनाचा संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, ते त्यात दिसतं. दोन्हींची बेरीज पाच-सातच्या आत असेल तर चिंता नाही, दहाच्या वर गेली की शोधायला लागावं. माझ्या गाडीत आयडलिंगला ती २०च्या वर होती. पाय देऊन आरपीएम २५००वर धरला की ४-५वर यायची.

या फरकातच उत्तर होतं. आयडलिंगला थ्रॉटल जवळपास बंद असतो, मॅनिफोल्डमधली (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधली) ओढ जोरात असते आणि इंजिन हवा थोडीच घेत असतं. कुठे चीर असेल तर तिथून शिरलेली हवा त्या थोड्या हवेत मोठा वाटा खाते. रेस वाढवली की एकूण हवा इतकी वाढते की चिरेतली हवा जाणवेनाशी होते. पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर उलटं झालं असतं, लोड वाढल्यावर आकडा चढला असता. हे गणित एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीचं आहे. तो आत येणारी हवा मोजतो, पण चिरेतून शिरलेली त्याच्या हिशेबात येत नाही, म्हणून संगणकाला पेट्रोल वाढवावं लागतं. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत त्याऐवजी मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजणारा मॅप सेन्सर असतो. त्यांच्यात ट्रिम फारसा चढत नाही, मॅनिफोल्डचं प्रेशर आणि आयडलचा आरपीएम नेहमीपेक्षा जास्त दिसतो. आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे ते आधी बघा.

आणखी एक, सीएनजी असेल तर ट्रिम आधी पेट्रोलवर बघा. किटचं ट्यूनिंग बिघडलेलं असलं तरी सीएनजीवर आकडे वेडेवाकडे येतात आणि आपण नसती चीर शोधत बसतो.

नेमकी जागा काही स्कॅनर सांगत नाही, ती कानानेच शोधावी लागली. रबरी नळीचा हातभर तुकडा घेतला, एक टोक कानाशी धरलं आणि दुसरं मॅनिफोल्डच्या कडेने, एकेका पाइपाजवळून फिरवलं (पट्टा आणि पंख्यापासून हात आणि बाह्या लांब ठेवून). मॅनिफोल्डच्या मागे पीसीव्हीचा (इंजिनाच्या पोटातली वाफ परत आत ओढून घेणारा) वाकडा पाइप आहे, त्याच्या खालच्या अंगाला फुसफुस एकदम मोठी झाली. वरून पाइप धड दिसत होता, चीर खालून होती. बोटांनी दाबून धरली तर आवाज थांबला आणि काटा जागेवर आला. अडीचशे रुपयांचा पाइप! नवा बसवल्यावर थोड्या दिवसांत लाँग टर्मचा आकडा ३वर स्थिरावला.

टिकटिक मात्र राहिली. ती सीएनजीवरच यायची, पेट्रोलवर टाकलं की जवळजवळ नाहीशी. टायमिंग चेन वाजत असती तर दोन्ही इंधनांवर वाजली असती. आवाज सीएनजीच्या इंजेक्टर रेलचा होता. हे इंजेक्टर मुळातच वाजतात, त्यात रेलच्या पट्टीचं रबर झिजून पट्टी थेट पत्र्याला टेकली होती. रबर बदललं, आवाज उतरला. इंजिन खोलावं लागलं नाही.

पुढे थंडीत चंदनापुरी घाट चढताना गाडी मिसिंग मारायला लागली आणि चेक इंजिनचा दिवा उघडझाप करू लागला. दिवा असा लुकलुकला की दामटू नका, न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं. बाजूला घेऊन पाहिलं तर पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, त्यातलं इंधन नीट पेटत नव्हतं. पेट्रोलवर टाकून सावकाश घर गाठलं. इंजिन गार झाल्यावर तिसऱ्याची कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देते ती) पहिल्यावर लावली, पहिल्याची तिसऱ्यावर, आणि थोडं फिरवून आणलं. आता कोड पी०३०१. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. प्लग किंवा इंजेक्टरचा दोष असता तर कोड तिसऱ्यावरच राहिला असता. सीएनजी पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून दमलेली कॉइल आधी सीएनजीवरच उघडी पडते.

याच्या मर्यादाही ठाऊक हव्यात. मेव्हण्यांची गाडी सिग्नलला थरथरायची, त्यांच्या गाडीचे सगळे आकडे स्वच्छ होते. शेवटी निघालं इंजिनाचं फाटलेलं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते रबर. तिथे सेन्सरच नाही, तर स्कॅनर काय सांगणार? ऑइल प्रेशरही बहुतेक गाड्यांत यावर दिसत नाही. इंजिन आतून ठोकत असेल किंवा ऑइलचा लाल दिवा लागला, तर मोबाईल काढू नका. इंजिन बंद करा आणि डिपस्टिक बघा.

वस्तू म्हणून तक्रारी आहेत. ब्लूटूथ अधूनमधून तुटतं. आकडे सावकाश बदलतात, त्यामुळे क्षणभराचा झटका निसटतो. एबीएस, एअरबॅगचे कोड माझ्या गाडीत वाचता येत नाहीत. आयफोनवाल्यांनी वायफायचा किंवा ब्लूटूथ एलईचा घ्यावा, साधा ब्लूटूथवाला जोडला जात नाही. सॉकेटमध्ये बॅटरीचा करंट कायम असतो, म्हणून गाडी उभी ठेवताना काढून ठेवा.

कोड पुसण्याचं बटण अॅपमध्ये समोरच असतं, गॅरेजला जाण्याआधी ते दाबू नका. कोडसोबत फ्रीझ फ्रेमही पुसली जाते, म्हणजे दोष आला त्या क्षणीचा आरपीएम, तापमान, लोड. माझा आताचा मेकॅनिक गाडी हातात घेताना आधी तोच स्क्रीनशॉट मागतो.