सिलिका झिओलाइट: हायड्रॉक्साइडची वाट की फ्लोराइडची?

सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात स्टिल्बाइट, ह्युलँडाइट डोळे भरून पाहिलेल्या आम्हा नाशिककरांना झिओलाइट म्हणजे बेसाल्टच्या पोकळीतले स्फटिक. त्यांच्या चौकटीत अतिसूक्ष्म छिद्रे असतात. प्रयोगशाळेत निव्वळ सिलिकाचा (म्हणजे फक्त सिलिकॉन-ऑक्सिजनचा) झिओलाइट घडवायचा, तर मुख्य वाटा दोन: सिलिकाचे जेल हायड्रॉक्साइडने अल्कधर्मी करायचे किंवा त्यात फ्लोराइड घालायचे.

हायड्रॉक्साइडची वाट सोपी आणि सहसा जलद. पण छिद्रे घडवायला साचा म्हणून घातलेल्या सेंद्रिय धनायनाचा (धनभारित आयनाचा) भार तोलण्यासाठी चौकटीतले काही सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन दुवे तुटके राहतात. साचा जाळून काढण्यासाठी भाजल्यावरही तिथे सिलॅनॉल (सिलिकॉनला जोडलेले OH गट) उरतात आणि पाणी ओढतात.

फ्लोराइडच्या वाटेत जेल जवळजवळ उदासीन असते आणि भार तोलायचे काम फ्लोराइड आयन करतो. तो चौकटीतल्या छोट्या पिंजऱ्यात जाऊन बसतो. सिलिकॅलाइट-१ या निव्वळ सिलिकाच्या झिओलाइटमध्ये तर तो थेट एका सिलिकॉनला बिलगतो; एरवी चार ऑक्सिजनांत समाधानी असलेला सिलिकॉन पाच बंधांचा होतो! मला यात रसायनशास्त्राचे खरे सौंदर्य दिसते. भाजताना फ्लोराइड निघून जातो, मागे जवळपास निर्दोष, पाणी झिडकारणारी चौकट राहते. स्फटिकही मोठे मिळतात, म्हणून रचना अभ्यासायची असेल तर मी हीच वाट धरेन. मात्र हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरणार असाल, तर कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल (या आम्लाने त्वचा भाजल्यास लावायचे औषध) हाताशी ठेवल्याशिवाय बाटली उघडू नका.