उंच जॅक घ्यावा की बॉटल जॅक? थार, जिम्नी, गुरखा आणि जुन्या जीपवाल्यांसाठी

नवी थार किंवा जिम्नी दारात आली की मालकाच्या डोक्यात आधी टायरचा विचार येतो आणि त्यापाठोपाठ त्या उंच, लाल जॅकचा. छतावर आडवा बांधलेला किंवा मागच्या दाराला लावलेला तो जॅक पाहिला की वाटतं, हा असला की कुठूनही बाहेर पडू. मी हा जॅकही वापरला आहे आणि तेलाच्या दाबावर चालणारा, बाटलीच्या आकाराचा साधा बॉटल जॅकही. दोन्हींनी मला अडचणीतून काढलं, पण वेगवेगळ्या गाड्यांवर आणि वेगवेगळ्या जमिनीवर. त्यामुळे कोणी विचारलं की मी उलट विचारतो, ‘तुमच्या गाडीला तो लावणार कुठे?’ बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो.

आधी तो चालतो कसा ते पाहू. भोकं पाडलेली एक उभी पोलादी पट्टी, तिच्यावर चढणारा बिडाचा ठोकळा, ठोकळ्यात दोन पिना आणि बाजूला लांब दांडा. दांडा दाबला की एक पिन भार धरते आणि दुसरी वरच्या भोकात जाऊन बसते. टक् असा आवाज होतो आणि गाडी एक भोक वर येते. यात तेल नाही, सील नाही, त्यामुळे गळायचं काही नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या ब्लूमफिल्ड गावी हाय-लिफ्ट नावाचा हा जॅक १९०५ पासून बनतो. मुळात तो शेतकामाचा, कुंपणाचे खांब उपटण्यापासून ट्रॅक्टर उचलण्यापर्यंत. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो तो ४८ इंची. लांबी १२२ सेंमी, वजन साधारण १३ किलो. त्याची जीभ जमिनीपासून ११-१२ सेंमीवर असलेली कडाही पकडते आणि तिथून जवळजवळ मीटरभर वर जाते. एवढी उचल साधा हातजॅक देत नाही.

बॉटल जॅक याच्या अगदी उलट. चार-पाच किलो वजन, सीटखाली मावतो, हजार-दोन हजारांत दोन-तीन टनांचा चांगला मिळतो. पण तो बंद असतानाच वीतभर उंच असतो आणि पूर्ण उघडला तरी उचल फार नाही.

आता मूळ प्रश्न. उंच जॅकची जीभ चपटी आणि आखूड असते. तिला खाली भक्कम, सपाट पोलाद लागतं. महिंद्राच्या जुन्या एम-एम ५४०, मेजर, क्लासिक या गाड्यांना पुढे पोलादी चॅनलचा बंपर असायचा, जीभ त्याखाली सरकवायची आणि दांडा मारायचा. आजच्या थारला, जिम्नीला बंपर प्लास्टिकचा. त्याखाली जॅक लावला तर गाडी उचलायच्या आधी बंपर फाटेल. दरवाज्याखालची पत्र्याची कडाही चालत नाही, ती चेपते आणि जीभ घसरते. म्हणजे जॅकच्या आधी पोलादी बंपर घ्यायचा किंवा दारांखाली चॅसीला बोल्टने बसणारे पोलादी पाइप, म्हणजे रॉक स्लायडर. स्लायडर पत्र्याला किंवा पायरीला वेल्ड केलेले नकोत, ते गाडीचं वजन पेलत नाहीत.

इथे कायदाही आडवा येतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं की गाडीला क्रॅश गार्ड, बुल बार (पुढे लावायचा पोलादी दांड्यांचा अडसर) लावणं हा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा भंग आहे. असा बार पादचाऱ्याला जास्त इजा करतो, आणि पुढून धडक बसल्यावर गाडीने धक्का जसा झेलायला हवा तसा झेलता येत नाही. रोज ऑफिसला नेण्याच्या गाडीवर निव्वळ जॅक लावायला म्हणून पोलादी बंपर चढवावा, असं मला वाटत नाही.

दुसरा फरक दुकानात कोणी सांगत नाही, पण निर्णयाला तोच सगळ्यात महत्त्वाचा. बंपरला किंवा स्लायडरला जॅक लावला की आधी वर येते ती बॉडी. चाक जमिनीवरच राहतं, कारण स्प्रिंग खाली खाली उघडत जातात. बॉडी वीतभर वर गेली तरी चाक जागचं हलत नाही. मग आणखी उचलायचं, गाडी आणखी उंच, आणखी डुगडुगती. बॉटल जॅक एक्सलखाली, चाकाजवळ लावला की स्प्रिंगचा संबंध उरत नाही, चार बोटं उचललं की चाक मोकळं. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध एक्सल आहे, थारला आणि नव्या गुरखाला मागे आहे. पंक्चरसाठी या गाड्यांवर बॉटल जॅकला तोड नाही. उंच जॅकच वापरायचा असेल तर उचलायच्या आधी एक्सल आणि चॅसी रॅचेट पट्ट्याने एकत्र आवळा, स्प्रिंग उघडत नाही आणि निम्मी उंची वाचते.

हे मी वेल्ह्याकडच्या एका दगडी वाटेवर शिकलो. माझ्या थारच्या मागच्या टायरची बाजू धारदार दगडाने कापली. सोबतच्या गाडीच्या छतावर उंच जॅक होता. तो काढला, माझ्या गाडीभोवती फिरवून पाहिला आणि परत बांधून ठेवला. लावायला जागाच नव्हती. मग खाली लाकडी फळी, तिच्यावर बॉटल जॅक, वर एक्सल. स्टेपनी बसवून पंधरा मिनिटांत निघालो.

पण मुळशीच्या वरच्या अंगाला एका जुलैत नेमकं उलट झालं. भाताच्या खाचरांमधून जाणारी बैलगाडीची वाट. मित्राची एम-एम ५४० खोल चाकोरीत उतरली, मधला उंचवटा पोटाला टेकला आणि चाकं नुसती गरगरू लागली. एक्सल चिखलात रुतलेला, बॉटल जॅक शिरेल एवढी फटही नाही. फावड्याने उकरावं तर खड्डा लगेच पाण्याने भरे. तेव्हा उंच जॅक बाहेर आला. मागच्या पोलादी बंपरखाली लावला आणि दांडा मारायला लागलो. टक्, टक् आवाज येत होता, पण जीप वर येत नव्हती, जॅकच खाली जात होता. त्याचं पाऊल दोन तळहातांपेक्षा मोठं नसतं, ओल्या मातीत ते खुंटीसारखं घुसतं. तो उपटून काढला, दोन जाड फळ्या एकीवर एक आडव्या-उभ्या टाकल्या आणि पुन्हा लावला. या वेळी पहिल्या पाच-सहा दाबांत फळ्या चिखलात दबल्या, मग मातीने धरलं आणि जीपचं मागचं अंग हळूहळू सुटू लागलं. दोन्ही चाकांखाली ओढ्यातले दगड भरले, जॅक उतरवला, आणि जीप स्वतःच्या ताकदीवर मागे निघाली. बॉटल जॅकवर विसंबलो असतो तर ट्रॅक्टर बोलवावा लागला असता.

म्हणून चिखलात जाणाऱ्याने उंच जॅकबरोबर रुंद पाया घेतलाच पाहिजे. तयार प्लास्टिकचा मिळतो, दीड इंची जाड फळीही चालते. काळ्या मातीत तर फळीशिवाय जॅक काढूच नये. मस्कत-दुबईकडे वाळूत गाडी घालणाऱ्या आपल्या मंडळींनाही हेच लागू आहे, फक्त तिथे जॅकला हात घालायच्या आधी टायरची हवा उतरवून पाहावी. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

आता धोक्याबद्दल. हा भाग वाचून कोणी उंच जॅक घ्यायचा विचार सोडला तर मला वाईट वाटणार नाही. चढवताना जॅक सरळ वागतो, अपघात उतरवताना होतात. उतरवायला बाजूची कळ खाली पाडायची असते, आणि ती पाडताना दांडा पट्टीला चिकटून उभा असायलाच हवा. दांडा अर्धवट आडवा असताना कळ पाडली, किंवा उतरवताना हात सुटला, तर गाडीचं वजन दांड्याला वर फेकतं आणि दांडा आपणहून वर-खाली आपटत राहतो. एकदा ओल्या हातातून दांडा निसटला आणि माझ्या उजव्या मनगटावर आदळला. हाड वाचलं, पण तीन आठवडे पाना धरता येत नव्हता. डोकं त्या जागी असतं तर हे लिहायला मी नसतो. त्या दिवसापासून कोरडे हातमोजे, दोन्ही हात दांड्यावर, आणि तोंड दांडा व पट्टीच्या रेषेबाहेर, हे मी कधी मोडलं नाही. दांडा सुटलाच तर पकडायला जाऊ नका, मागे सरका.

एक गोष्ट नवख्यांना हमखास फसवते. एक-एक भोक उतरायला जॅकवर किमान ६८ किलो भार लागतो. चाकाखाली दगड भरून भार निघून गेला की कळ पाडताच ठोकळा सरकन तळाला येतो. बोटं तिथे ठेवू नका.

तिसरा धोका गाडी घरंगळण्याचा. नुसती गिअरमध्ये ठेवून भागत नाही. एक मागचं चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे तेच मोकळं फिरतं आणि गिअरची पकड संपते. फोर-व्हील लावा, हँडब्रेक ओढा, आणि उचललेल्या चाकाच्या तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावा. कुठल्याही जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही, उंच जॅकवर तर हातही खाली घालायचा नाही.

आता नेण्याचा प्रश्न. बॉटल जॅक फडक्यात गुंडाळून डब्यात उभा ठेवला की झालं. आडवा पडून राहिला तर तेल झिरपतं, एवढंच बघायचं. उंच जॅकला मात्र गाडीत धड जागा नसते. तीन दारी थार किंवा जिम्नीत मागची सीट उभी असली की सामानाला जागा अगदी थोडी. त्यात १३ किलोचं लोखंड सुटं टाकलं तर करकचून ब्रेक लावल्यावर ते पुढच्या माणसाच्या पाठीत येईल. आत ठेवायचाच तर जमिनीला बोल्टने बसणारी पकड हवी.

बाहेर छतावर बांधला तर वजन उंचावर जातं, आणि चिखलात भिजलेला माणूस तो काढायला टायरवर चढतो. बॉनेटजवळ लावला तर पुढचं दिसायला अडतं. मला पटलेली जागा म्हणजे मागच्या दारावर स्टेपनीच्या आधाराने, पण दाराच्या बिजागऱ्या ते वजन पेलतील अशा हव्यात. बाहेर कुठेही लावा, ठोकळ्याला कापडी खोळ घाला आणि कुलूप लावा. कोकणातली लाल धूळ आणि त्यावर पाऊस, या दोघांनी पिना अशा बसतात की ऐन वेळी ठोकळा हलत नाही. ग्रीस मुळीच लावू नका, धूळ त्यालाच चिकटते. पाण्याने धुवायचा, सुकवायचा आणि पातळ तेल किंवा डब्ल्यूडी-४० पिनांवर फवारायचं. दांड्याची खडखड थांबवायला सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक वेढा पुरतो.

उंच जॅकची जोड उपकरणं पाहिली तर एकच मला खरंच उपयोगी वाटतं. ते लावलं की चाकाच्या रिमला दोन हुकांनी धरून जॅक थेट चाकच उचलतो. बंपर प्लास्टिकचा असला तरी चालतं, बॉडी उगाच वर जात नाही, आणि चाकाखाली दगड किंवा बोर्ड सरकवता येतो. मात्र याने टायर बदलता येत नाही, कारण धरलेलं असतं तेच चाक काढायचं असतं. अलॉय रिमला ओरखडे येतात, ते धरून चालायचं. साखळी लावून याच जॅकने गाडी ओढताही येते, पण दर मीटरभराला सगळं सोडून पुन्हा बांधावं लागतं. निवांत वेळ आणि दुसरा मार्ग नसला तरच.

सायलेन्सरच्या धुराने फुगणारी पिशवीही बाजारात आहे. मऊ जमिनीवर ती छान पसरते, पण आपल्याकडे बाभळीचे काटे आणि कपारीचे दगड इतके, की मला तिचा भरवसा वाटत नाही. त्यापेक्षा चाकाखाली घालायचे दोन ट्रॅक्शन बोर्ड घ्या. चिखलात अडकलेल्या दहा गाड्यांपैकी बऱ्याच गाड्या हवा उतरवून, थोडं उकरून, बोर्ड घालून निघतात आणि जॅक लागतच नाही.

माझा कौल असा. कंपनीच्या बंपरची थार, जिम्नी किंवा गुरखा असेल, आणि वर्षातून चार-सहा वेळा मावळ-मुळशी, ताम्हिणीकडे जाणं असेल, तर तीन टनी बॉटल जॅक, दोन फळ्या, फावडं आणि बोर्ड. उंच जॅकचे पैसे चांगल्या टायरमध्ये घाला. जुनी पोलादी बंपरची जीप असेल, किंवा शेतावरची गाडी असेल, तर उंच जॅक जरूर घ्या, खांब उपटायलाही तो कामी येईल. बॉटल जॅक मात्र तेव्हाही सोबत हवाच, पंक्चर त्याच्यावरच निघतं.

घेताना ४८ इंचीच घ्या. ६० इंची आपल्या गाड्यांना जास्त होतो आणि वरच्या टोकाला त्याची क्षमताही उतरते. मूळ हाय-लिफ्ट जॅकमध्ये जास्त भार आला तर तुटणारा एक बोल्ट मुद्दाम दिलेला असतो, तो सुमारे ३१७५ किलोवर तुटतो आणि जॅक पुढे चढत नाही. स्वस्त नकलांमध्ये तिथे हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही बोल्ट घातलेला मी पाहिला आहे. तुटलेल्या जागी तुम्हीही तसा घालू नका, कंपनीचे दोन जादा बोल्ट आणि पिनांच्या स्प्रिंगा एका डबीत ठेवा. आणि पहिल्यांदा जॅक लावायचा तो घरासमोर, सपाट फरशीवर, दिवसाउजेडी. चढवायचा, कळ पाडायची, एक-एक भोक उतरवायचा, हातांना सवय होईपर्यंत.