शॅलॉटची तरुणी रंगवायची: होडीत की मागापाशी?

इंग्रज कवी टेनिसनच्या कवितेतली ही तरुणी शॅलॉट नावाच्या बेटावरच्या गढीत एकटी विणत बसते. राजा आर्थरच्या कॅमलॉट नगरीकडे थेट पाहिलं तर शाप भोवेल, एवढंच तिला ठाऊक. तो शाप नेमका काय, हे ठाऊक नाही. म्हणून ती जग आरशात पाहते. एक दिवस आर्थरचा सरदार लॅन्सलॉट तिथून जातो, ती उठून खिडकीतून पाहते, आरसा तडकतो. मग ती होडीत बसून निघते आणि कॅमलॉटला पोचण्याआधीच मरते. तिचं चित्र काढायचं तर आधी प्रश्न पडतो, यातला क्षण कुठला?

इंग्रज चित्रकार जॉन विल्यम वॉटरहाउसने तिला तीनदा रंगवलं, तीन वेगळ्या क्षणी.

१८८८ चं होडीचं चित्र लंडनच्या टेट कलादालनात आहे. हातातून साखळी सुटते आहे, तीनपैकी एकच मेणबत्ती जळते आहे, विणलेलं कापड होडीच्या काठावरून पाण्यात लोंबतं आहे. मेणबत्त्या कवितेत नाहीत. पण त्यांच्यामुळे, कविता न वाचलेल्यालाही कळतं की तिच्यापाशी आता फार वेळ उरलेला नाही. कवितेत ती साखळी सोडते आणि आडवी होते. वॉटरहाउसने तिला बसती ठेवली, म्हणून चेहरा मिळाला. निसर्गचित्रात हात बसलेल्याने हेच घ्यावं. मात्र मावळत्या उजेडातला पांढरा झगा फार परीक्षा पाहतो, कारण त्यात निव्वळ पांढरा रंग जवळपास कुठेच लागत नाही.

१८९४ चं चित्र लीड्सच्या कलादालनात आहे. ती मागापासून अर्धवट उठली आहे, गुडघ्यांभोवती धागे गुंडाळले गेलेत, आणि नजर सरळ आपल्यावर. मागे तडकलेल्या आरशात लॅन्सलॉट दिसतो. म्हणजे खिडकीबाहेर, तो आहे त्या बाजूला, आपण उभे आहोत! हे लक्षात आलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या नजरेपुढून हललो नाही. इथे पाणी नाही, लव्हाळं नाही. पण आरशातली जागा चुकली की सगळंच फसतं. टॅपेस्ट्री, म्हणजे विणलेली चित्रं, करणारे मागच्या बाजूने काम करत आणि पुढची बाजू आरशात पाहत, हे माहीत असलं तर मांडणी सोपी जाते.

१९१५ चं, टोरांटोमधलं चित्र शापाआधीचं आहे: नुसता कंटाळा, नुसती ओढ. सुंदर आहे, पण शोकांतिका हवी असेल तर पुरत नाही. होल्मन हंट या दुसऱ्या इंग्रज चित्रकाराने तिचे केस वादळात सापडल्यासारखे उडवले. त्याच्या १८५७ च्या रेखाटनातले तसे केस खुद्द टेनिसनलाही रुचले नव्हते.

मी मागापाशीचाच क्षण निवडेन. होडीत तिचा निर्णय होऊन गेलेला असतो, मागापाशी तो होत असतो. ओळखीच्या कुणाला बुटक्या स्टुलावर बसवा, गुडघ्यांभोवती लोकर गुंडाळा आणि अचानक उठायला सांगा. शरीर जिथे अडेल, तिथून रेखाटन सुरू करा.