युरोरॅक, बनाना आणि मोठा जॅक : पंधरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी गुढीपाडव्याला पुण्यातील माझ्या खोलीत मॉड्युलर सिंथेसायझरची, म्हणजे सुटे घटक (मॉड्यूल) वायरींनी जोडून आवाज घडवणाऱ्या यंत्राची, ८४ एचपी रुंदीची, दोन ओळींची, युरोरॅक पद्धतीची केस आली. सहा महिन्यांनी तिच्या शेजारी सर्ज पद्धतीचे चार-यू उंचीचे ('यू' हे रॅकच्या उंचीचे माप) एक पॅनेल आले, आणि मधल्या काळात मुंबईतील एका मित्राचा बुकला म्युझिक ईझल हा सिंथेसायझर सहा आठवडे माझ्याकडे मुक्कामाला होता. मोठ्या जॅकचे, मूग पद्धतीचे पाच-यू यंत्र मी त्याच मित्राच्या स्टुडिओत काही रविवारी मिळून तीसेक तास वाजवले आहे. त्याबद्दलचे माझे मत तेवढ्याच अनुभवाचे समजावे. मी नाटकांचे पार्श्वसंगीत करतो आणि लहानपणापासून कंठसंगीत शिकलो आहे. त्यामुळे प्रत्येक यंत्राची माझी पहिली परीक्षा एकच होती : हे सुरात राहते का, आणि एका सुरावरून दुसऱ्यावर कसे जाते.

सुरुवातीला मला वाटले होते की या पद्धतींमधील फरक पिनेच्या जाडीपुरता आहे. युरोरॅकची पिन ३.५ मिलिमीटरची, मूग पद्धतीची ६.३५ मिलिमीटरची, सर्जची ४ मिलिमीटरची, बनाना नावाची. जोडणारी वायर बदलली की झाले. उंचीही वेगवेगळी आहे : जर्मनीतील डोएप्फर यांच्या ए-१०० पासून रूढ झालेले युरोरॅक मॉड्यूल १२८.५ मिलिमीटर उंच असते आणि त्याची रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या एचपीत मोजतात, तर पाच-यू मॉड्यूल सुमारे २२२ मिलिमीटर उंच असते. पण ही मापे केस घेताना कामाची; वाजवताना जे आडवे येते ते पिनेच्या मागे असते.

पहिली अडचण जमिनीची, म्हणजे ग्राउंडची (व्होल्टेज जिथून मोजतात त्या शून्याची). जॅकच्या वायरीत दोन तारा असतात, एक संकेताची आणि एक ग्राउंडची. बनाना वायरीत फक्त संकेत जातो. सर्जच्या एकाच केसमध्ये सगळ्या पॅनेलचे ग्राउंड आतून जोडलेले असल्याने काही बिघडत नाही, परंतु युरोरॅकमधून स्वराचे व्होल्टेज (सूर किती उंच हे ठरवणारा विजेचा दाब) बनानाने सर्जमध्ये नेले, तेव्हा ऑसिलेटर (मूळ सूर निर्माण करणारे मॉड्यूल) गुणगुणू लागला आणि सूर मनाला येईल तसा सरकू लागला. दोन्ही केसच्या ग्राउंडमध्ये एक जाड वायर टाकताच तो तत्क्षणी स्थिर झाला. मी एका छोट्या ॲल्युमिनियमच्या डबीत आठ ३.५ मिलिमीटरची सॉकेट आणि आठ बनाना सॉकेट समोरासमोर बसवली, सर्व जॅकच्या बाह्या (ग्राउंडचे बाहेरचे भाग) एकत्र करून त्या नवव्या, हिरव्या बनानाला जोडल्या, आणि दोन पद्धती एकत्र वापरायच्या असतील तर सर्वप्रथम ती हिरवी वायर लावायची असा नियम करून घेतला.

दुसरी अडचण संगीताची आहे. युरोरॅक, सर्ज आणि आजची बहुतेक पाच-यू यंत्रे एका सप्तकाला १ व्होल्ट मोजतात. बुकलाच्या २०० मालिकेत आणि ईझलमध्ये सप्तकाला १.२ व्होल्ट लागतात. युरोरॅकच्या सिक्वेन्सरवरून (सूर क्रमाने पाठवणाऱ्या मॉड्यूलवरून) षड्ज आणि तार षड्ज असे दोनच सूर मी ईझलला पाठवले, तेव्हा दुसरा सूर तार षड्जावर न पोहोचता कोमल निषादावर थांबला. हिशेब सरळ आहे : ईझलमध्ये प्रत्येक लगतच्या सुराला १०० मिलिव्होल्ट, म्हणून १ व्होल्टमध्ये बाराऐवजी दहाच पायऱ्या चढता येतात. साधा ॲटेन्युएटर व्होल्टेज फक्त कमी करतो, त्यामुळे या दिशेने जाताना १.२ पट वाढवणारे मॉड्यूल लागते. उलट दिशेने, ईझलकडून युरोरॅककडे येताना, चांगल्या ॲटेन्युएटरवर कानाने सप्तक जुळवले तरी भागते. म्हणून दोन्ही यंत्रे एकत्र असताना स्वरांची सूत्रे मी नेहमी ईझलकडे दिली.

१.२ व्होल्टच्या या मापाचा एक गुण मात्र मला मनापासून आवडला. त्यात एक मिलिव्होल्ट म्हणजे बरोबर एक सेंट (लगतच्या दोन सुरांमधील अंतराचा शंभरावा भाग). तानपुऱ्याच्या षड्जातून ऐकू येणारा शुद्ध गंधार ३८६ सेंटवर असतो, म्हणून मल्टिमीटरवर ३८६ मिलिव्होल्ट दिसले की गंधार लागला. युरोरॅकमध्ये त्याच गंधाराला ३२२ मिलिव्होल्ट लागतात, तर पियानोच्या समान अंतरांच्या गंधाराला ३३३. हे ११ मिलिव्होल्ट म्हणजे जवळपास १४ सेंट, आणि रियाज केलेल्या कानाला ते चढे असल्याचे लगेच कळते. पंचमात हा फरक जेमतेम दोन मिलिव्होल्टचा आहे, म्हणून पंचमावर फसगत होत नाही. ज्या सिक्वेन्सरमध्ये क्वांटायझर (व्होल्टेज जवळच्या ठरीव सुरावर ओढणारी सोय) बंद करता येत नाही, तो आपल्या संगीतासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. व्होल्टेजला बारा पट्ट्यांची सक्ती नसते, आणि ती सक्ती पुन्हा ओढवून घेण्याचे कारण नाही.

सुराशी संबंधित आणखी एक दोष मी तीन महिने ऑसिलेटरच्या माथी मारत होतो. एकच स्वर-व्होल्टेज तीन ऑसिलेटरना द्यायचे म्हणून साधा मल्टिपल (एक संकेत अनेक ठिकाणी वाटणारी जोडणी) वापरला, की वरच्या सप्तकात तिघेही उतरत. देणाऱ्या मॉड्यूलच्या आउटपुटवर १ किलोओहमचा रोध आणि घेणाऱ्या प्रत्येक इनपुटवर १०० किलोओहम असतील, तर तीन इनपुट जोडताच सुमारे ३ टक्के व्होल्टेज वाटेतच राहते. दोन सप्तकांवर ही घट ५८ मिलिव्होल्टची, म्हणजे लगतच्या दोन सुरांमधील अंतराच्या सत्तर टक्क्यांची होते. स्वरासाठी बफर (व्होल्टेज घटू न देणारे सर्किट) असलेला मल्टिपलच घ्यावा; गेट (सूर सुरू-बंद करणारा संकेत), क्लॉक (लयीचे ठोके) आणि एन्व्हलप (आवाजाचा चढ-उतार घडवणारा संकेत) यांसाठी साधा पुरतो. बनाना पिनांची रास एकीवर एक रचता येते आणि वेगळा मल्टिपल लागत नाही ही मोठी सोय आहे, पण विजेच्या दृष्टीने ती रास म्हणजे साधा मल्टिपलच आहे, हे लक्षात ठेवावे.

पॅचिंगचा, म्हणजे वायरींनी मॉड्यूल जोडण्याचा, विचार मला खऱ्या अर्थाने सर्जने शिकवला. सर्ज चेरेपनिन यांनी ही पद्धत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस कॅलिफोर्नियातील कॅलआर्ट्स या कलासंस्थेत उभी केली, आणि तिथे ध्वनीचा संकेत व नियंत्रणाचा संकेत यांच्यासाठी वेगळी सॉकेट ठेवली नाहीत. बुकलामध्ये ध्वनीची वायर नियंत्रणाच्या सॉकेटमध्ये जातच नाही. सर्जच्या स्लोप जनरेटरमध्ये (व्होल्टेज चढवून उतरवणाऱ्या मॉड्यूलमध्ये) मात्र गेट दिला तर तो एन्व्हलप होतो, त्याचे शेवटचे आउटपुट त्याच्याच ट्रिगरला (सुरू करणाऱ्या सॉकेटला) बोटभर वायरीने जोडले तर तो एलएफओ, म्हणजे संथ लहरींचा ऑसिलेटर, होतो, वेग वाढवला तर ऑसिलेटर होतो, आणि चढ-उताराला लागणाऱ्या वेळेपेक्षा जलद ठोके दिले तर तो त्या ठोक्यांना भागू लागतो. माझ्याकडे युरोरॅकमध्ये मेक नॉईज कंपनीचे मॅथ्स हे मॉड्यूल आहे, जे याच कल्पनेतून आले आहे; त्यात पुनरावृत्तीसाठी बटण आहे. बटण सोयीचे आहे, परंतु यंत्र स्वतःलाच ठोका देत आहे हे मला ती छोटी वायर लावल्यावर उमगले, त्याआधी आठ महिने बटण दाबूनही उमगले नव्हते.

मींडही याच मॉड्यूलवर होते. स्वराचे व्होल्टेज स्लोपमधून नेले की सूर सरकत जातो. चढ आणि उतार यांचे वेग स्वतंत्र ठेवता येतात. एकसारख्या गतीने सरकणाऱ्या स्लोपमध्ये सा ते प हे अंतर सा ते रे या अंतरापेक्षा कितीतरी जास्त वेळ घेते, आणि गळा असे करत नाही. म्हणून सिक्वेन्सरच्या दुसऱ्या ओळीचे व्होल्टेज मी स्लोपच्या वेगाला देतो, म्हणजे प्रत्येक सुराकडे जाण्याची गती वेगळी ठरवता येते.

मोठ्या जॅकच्या यंत्राविषयी थोडेच सांगतो. त्याचे नॉब हाताला जितके सुखद, तितके दुसरीकडे कुठेही नाहीत, आणि अंधाऱ्या विंगेतही वायर चाचपडत लावता येते. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग उभा केला आणि गीता साराभाई यांच्यासारख्या संगीतकारांनी त्यावर काम केले, हे आठवून मी त्या यंत्रासमोर प्रथम बसलो तेव्हा भारावून गेलो होतो. तरीही पुण्यातील खोलीची जागा आणि परदेशातून येणाऱ्या वजनदार खोक्यावरचे सीमाशुल्क पाहता ते मी विकत घेणार नाही. नव्याने सुरू करणाऱ्याला मी युरोरॅकच सुचवेन : एक ऑसिलेटर, एक फिल्टर, दोन व्हीसीए (आवाज कमी-जास्त करणारी मॉड्यूल), एक स्लोप आणि एक सिक्वेन्सर. त्यावर सहा महिने काढल्याशिवाय सातवे मॉड्यूल घेऊ नये.

वीज जोडताना मात्र सावध राहावे. युरोरॅक मॉड्यूलला वीज देणाऱ्या चपट्या वायरीच्या पट्टीवरील लाल रेघ उणे १२ व्होल्टच्या बाजूला यायला हवी. माझ्या एका लहान मॉड्यूलच्या पाठीवर दिशेची खूणच नव्हती. मी अंदाजाने पट्टी लावली, आतील चिप जळली आणि दुरुस्तीत तीन आठवडे गेले. आता मी खूण नसलेल्या मॉड्यूलवर मीटर लावून उणे १२ व्होल्टची बाजू शोधल्याशिवाय पट्टी जोडत नाही.

सध्या केसमध्ये तानपुऱ्याचा पॅच, म्हणजे वायरींची जुळणी, आहे. चार पायऱ्यांच्या सिक्वेन्सरवर प, सा, सा, खर्ज. खर्ज ० व्होल्टवर, मंद्र पंचम ०.५८५ वर आणि जोडीचे सा १ व्होल्टवर. एकाच आवाजात हे वाजवले तर पुढची तार छेडताच आधीची मरते, म्हणून दोन आवाज आलटून पालटून वापरले आहेत, आणि घुमत असलेल्या तारेचा सूर मध्येच बदलू नये यासाठी प्रत्येक आवाजापुढे एक सॅम्पल-अँड-होल्ड (व्होल्टेज टिपून धरून ठेवणारे मॉड्यूल) बसवले आहे. फिल्टरचा रेझोनन्स (एका ठिकाणच्या सुराला मिळणारा उठाव) वाढवून एन्व्हलप अगदी सावकाश खाली आणला की एकेक स्वयंभू (मूळ सुरातून आपोआप उमटणारा) सूर उजळून जातो आणि जवारीचा, तानपुऱ्याच्या त्या झणझणीचा, आभास होतो. सॅम्पल-अँड-होल्डने धरलेले व्होल्टेज हळूहळू गळते, त्यामुळे लय फार संथ ठेवली की खर्ज किंचित सरकतो, आणि ऑसिलेटर गरम होईपर्यंत पहिली वीस मिनिटे सगळेच सूर हलतात. मी यंत्र आधी सुरू करून चहा घेतो, मग खऱ्या तानपुऱ्यावर षड्ज लावून दोन्ही ऑसिलेटर कानाने मिळवतो आणि रियाजाला बसतो.